तिसरी ओळ

लहान आकडा सांगताना कृपादान उजवीकडे बघायचा, मोठा सांगताना डावीकडे. पुणतांब्याला त्याच्या पेरूच्या बागेत एंजेला पहिल्यांदा फळांचे नमुने घ्यायला आली, तेव्हाच हे तिच्या लक्षात आलं होतं. कोपरगावच्या कॉलेजात विज्ञान शिकवणारी ती, निरीक्षणाची सवयच. फक्त ती नेहमी त्याच्या उजव्या हाताला उभी असायची. त्यामुळे दोन-तीन म्हणताना तो आपल्याकडेच बघतो, असा सोयीचा निष्कर्ष तिने काढला होता.

नाताळात त्याने लग्नाचं विचारलं. "विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि नुसता विचारच करत राहिली. आता उद्या त्याचा मामा त्याला शेवगावला मुलगी बघायला नेणार होता. म्हणून तिने आज निरोप धाडला – संध्याकाळी बागेत या, तिसऱ्या ओळीत.

ऊन शेंड्यांवरून उतरलं, तरी तो आला नाही. फोन हातात होता, पण लावायला बोट धजेना. शेवटी ती बांधावर आली... तर विहिरीकडून तो येत होता, तोंड उतरलेलं.

"यायचं नव्हतं तर सांगायचं तरी, मॅडम."

"मी? तासभर उभी आहे मी तिसऱ्या ओळीत."

"मी बी तिसऱ्याच ओळीत हुतो की."

तिने एकदा विहिरीकडे पाहिलं, एकदा बागेकडे. मग म्हणाली, "बागेकडे तोंड करा. डोळे मिटा. एक कुठे दिसतो?"

"हा काय." त्याचा उजवा हात विहिरीकडे गेला.

"आणि शंभर?"

डावा हात लांब, पार कडेच्या चिंचेपर्यंत.

"माझा एक त्या चिंचेपाशी असतो," ती हळूच म्हणाली. "वाचतो तसा, डावीकडून. बहुतेकांचा तसाच. तुमचाच उलटा कसा?"

"उलटा तुमचा. आज्याबरं पिकाला पानी द्यायचो मी, शाळंच्या आदीपासनं. पानी विहिरीकडनं यायचं. आदी भिजंल ती पहिली सरी."

तिला हसू आलं, आणि लगेच विरलं. "म्हणजे दोन-तीन म्हणताना तुम्ही विहिरीकडे बघत होता. माझ्याकडे नाही."

"विहीर जन्मापासनं बघतोय." त्याचे डोळे अजून मिटलेलेच. "पन एवढ्या डाव येक-दोन म्हनायची गरज औंदाच पडली, तुमी यायला लागल्यापासनं."

"नमुन्यांचे आकडे तरी खरे दिलेत ना?"

"ते खरे. बाकीचं... तुमी बघा. मामा सकाळी येनार हाय."

एंजेलाने डोळे मिटले. तिची आकड्यांची रेघ चिंचेपासून निघाली, त्याची विहिरीपासून. आणि दोन्ही येऊन भेटल्या त्या इथेच, बांधावर.

"त्यांना म्हणावं, येऊ नका."

"कारन काय सांगू?"

"सांगा –" तिने डोळे उघडले. "सांगा, एंजेला माझ्याशी लग्न करणार आहे."