जेवना हाताचं पायडल

"छगन, बाजूला हो! मी वळतेय!" वच्छी ओरडली.

"वळ की! मैदान जसं काही तुझ्या आबांचंच आहे!"

१९८८ची उन्हाळी सुट्टी होती आणि जळगावात सायकलींचं प्रदर्शन भरलं होतं. चकचकीत घंटा, डायनामोचे दिवे, आणि सगळ्यात भारी म्हणजे हवी ती सायकल फिरवून बघायची मोकळीक! पिंप्राळ्याचा छगन आणि त्याची धाकटी बहीण बेबी सकाळपासून तिथेच तळ ठोकून होते. सोबत होती सावद्याजवळच्या खेड्यातली मामेबहीण वच्छी आणि तिचे वडील, आबा.

वच्छी मात्र नुसती मजेसाठी आली नव्हती. गावातली शाळा सातवीपर्यंतच होती. पुढची शाळा सावद्याला, सहा किलोमीटरवर. आबांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सायकल चालवता आली तर शाळा. नाहीतर घरी बसायचं."

तिने हिरवी सायकल पसंत केली. वळण घेतलं, आणि खटॅक! डावं पायडल निखळलं. वच्छी धाडकन मातीत!

"मोडलीस ना नवी सायकल!" दुकानदार मोतीलालशेठ खुर्चीतूनच ओरडले. हे धुळ्याचे शेठ सकाळपासून त्या खुर्चीतून हलले नव्हते.

आबांचा चेहरा पडला. "नाही जमत तुला. चल, घरी जाऊ."

गुडघा फुटला होता, पण वच्छीला ते 'नाही जमत' जास्त झोंबलं. तिला रडूच कोसळलं.

"मामा, थांबा ना!" बेबी म्हणाली. "सकाळी एका चष्मेवाल्या काकांचंही पायडल असंच गळालं होतं. ते काय पहिल्यांदा सायकलवर बसले होते?"

छगनने पडलेलं पायडल उचललं. त्यावर R कोरलेला होता. "अरे! R म्हणजे उजवं. हे डावीकडे कसं?"

तिघं रांगेतल्या सायकलींकडे पळाले. पहिली, दुसरी, तिसरी... सगळीकडे उजवीकडचं डावीकडे आणि डावीकडचं उजवीकडे!

"दोन्हींच्या स्क्रूचे आटे एकमेकांच्या उलट असतात," छगन म्हणाला. "चुकीच्या बाजूला रेटून बसवलं तर दोन चकरांत निघणारच! पण बसवलं कोणी?"

फिटर बन्सीलाल मांडवामागे भाकरी-भरीत खात बसले होते. विचारलं तर ते चिडलेच. "शेठनी सांगं ना, R नं पायडल जेवना हातले लाव! मी तसंच लावं!"

"जेवना हात म्हणजे तर उजवाच," छगन पुटपुटला. सगळा खानदेश उजव्या हाताला जेवना म्हणतो. मग चुकलं कुठे?

वच्छी मात्र बन्सीलालच्या घासाकडे टक लावून बघत होती. एकदम ती ओरडली, "भाऊ, तुम्ही डाव्या हाताने जेवता!"

"मंग? मना जेवना हात हाऊच शे!" बन्सीलालने भरीत लागलेला डावा हात वर केला.

छगन हसता हसता खालीच बसला! मोतीलालशेठ मात्र ऐकून धावत आले. आता खुर्ची बरी सुटली! त्यांनी एकेक पायडल तपासलं आणि कपाळाला हात लावला. "चूक माझी. सांगितलं आणि पाहिलंच नाही. कोणाचा हातपाय मोडला असता! पोरांनो, तुम्ही वाचवलंत."

बन्सीलालने हिरवी सायकल आधी नीट केली. आबा वच्छीजवळ आले.

"चुकलो मी, बेटा. सायकलीचा दोष तुझ्या माथी मारला. एवढे मोठे आम्ही सगळे, आणि पाहिलं ते तू. हीच घेऊ ना?"

"आधी नीट बघून घ्या," वच्छी डोळे पुसत म्हणाली. "बसा मागे!"

"मी?" आबा दचकले. मग धोतर सावरत ते खरंच कॅरियरवर बसले. सायकल थोडी डगमगली, सावरली, आणि वच्छीने अख्ख्या मैदानाला चक्कर मारली. आबा एका हाताने टोपी धरून दिसेल त्याला सांगत होते, "माझी पोरगी आहे! सावद्याला शाळेत जाते!"