दिवाणजींचं वजन

ऊन तापायच्या आत कुठेतरी काटा शोधायचा म्हणून ती जवळजवळ पळतच निघाली होती. छत्री होती, पण डोक्यावर नाही, हातातल्या जाळीच्या खोक्यावर. खोकं सावलीत आणि बाईसाहेब उन्हात! गल्लीच्या तोंडाशी लोकरीचं दुकान दिसलं, काचेआड वजनकाटा दिसला, आणि मागचापुढचा विचार न करता तिने दार ढकललं.

ऐन उन्हाळ्यात लोकर घ्यायला कोण येणार? दुकान रिकामं होतं. दुकानदार शिडीच्या वरच्या पायरीवर बसून निवांत विणत होता. तिला बघून त्याचे दोन टाके सुटले.

"काय दाखवू?"

"दाखवू नका काही. वजन करायचंय."

"तुमचं?"

"माझं कशाला! यांचं." तिने खोक्याचं झाकण उघडलं. आतून मोठाले कान, लांबलचक मिशा आणि दोन काळेभोर डोळे वर आले. बाकी सगळा राखाडी, मऊमऊ गोळा.

"ससा?"

"चिंचिला."

"म्हणजे उंदीरच ना?"

"म्हणजे दिवाणजी," ती तोऱ्यात म्हणाली. "नऊ वर्षांचे आहेत. जरा मान राखून बोला."

दिवाणजी मूळचे तिच्या मावशीचे. मावशीनेच तिला लहानाचं मोठं केलेलं. गुडघ्यांनी दगा दिल्यावर मावशी वृद्धाश्रमात राहायला गेली, आणि तिथे प्राणी चालत नव्हते. निघताना मावशी रडली नाही, एवढंच म्हणाली, "दर शनिवारी वजन कर. ही जात दुखणं लपवते. अंगावर केस इतके, की आत हाडं राहिली तरी वरून गुबगुबीतच दिसते. खरं काय ते काटाच सांगतो." तिने मान डोलावली. आणि घरच्या काट्याची बटणं दिवाणजींनी पहिल्याच आठवड्यात कुरतडून ठेवली.

दुकानदार शिडीवरून उतरला. त्याने काट्याचं ताट पुसलं, त्यात लोकरीचा मऊ तुकडा अंथरला, आकडा शून्यावर आणला आणि दिवाणजींना दोन्ही हातांनी असं काही अलगद ठेवलं, की तिला त्या हातांकडे बघतच राहावंसं वाटलं.

"सहाशे बारा," तो म्हणाला. "म्हणजे लोकरीचे पन्नास-पन्नास ग्रॅमचे बारा गुंडे. वरचे बारा ग्रॅम मिशांचे."

ती हसली. मग तिचं लक्ष त्याच्या नाकाकडे गेलं. "तुमचा चष्मा डावीकडे कललाय."

"वर्षभर कललेलाच आहे."

"द्या इकडे." ती चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काचा बसवायची, बारका स्क्रूड्रायव्हर कायम पर्समध्ये. तिने स्क्रू पिळला. तो समोर डोळे मिचकावत उभा.

"आता तुम्ही मला धुरकट दिसताय."

"बरंय मग. उन्हाने लाल झालेय मी."

"तेवढं दिसतंय..." तो म्हणाला, आणि मग तोच लाल झाला.

पुढच्या शनिवारी ती पुन्हा गेली. त्याच्या पुढच्याही. तो चिठ्ठीवर वजन लिहून द्यायचा आणि संध्याकाळी ती मावशीला फोनवर वाचून दाखवायची.

"लोकरवाला बरा आहे का गं?" मावशी विचारायची.

"वजनाबद्दल विचार ना."

"वजनदार आहे का, तेच विचारतेय."

चौथ्या शनिवारी आकडा आला पाचशे सत्त्याण्णव. तिचा चेहरा खर्रकन उतरला. "मावशीने आयुष्यात एकच काम सांगितलं हो मला... तेही जमत नाहीये." बोलता बोलता डोळे भरून आले. तो इतका गडबडला, की रुमालाऐवजी त्याने तिच्या हातात लोकरीचा आख्खा गुंडा दिला. तिने त्यालाच डोळे पुसले.

पाचव्या शनिवारी तो काट्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. काट्याचा आकडा दुकानदाराच्या बाजूला होता. "सहाशे... चार," तो म्हणाला. तिने आनंदाने टाळी वाजवली. सहाव्या शनिवारी सहाशे आठ. त्या दिवशी तो फारसं बोलला नाही. तिला वाटलं, गरम होत असेल.

घरी मात्र काहीतरी बिनसलं होतं. दिवाणजी गवताची काडी उचलायचे, तोंडात फिरवायचे आणि टाकून द्यायचे. जाड काड्या तशाच पडून, मऊ पाला तेवढा गायब. लेंड्या बारीक झाल्या होत्या. एका डोळ्यातून पाणी यायचं. हनुवटीखालचे केस ओले होऊन एकमेकांना चिकटलेले असायचे. दिवसभर काचेवरचा केसाएवढा ओरखडा शोधणाऱ्या तिला हे सगळं दिसत होतं. पण ती मनाशी म्हणायची, पाणी प्यायले असतील. उन्हाळाच आहे. आणि वजन तर वाढतंय!

मंगळवारी सकाळी, स्वतःचं दुकान बंद करून, तो तिच्या दुकानात आला. चष्मा पुन्हा कलला असणार म्हणून तिचा हात हसतहसत स्क्रूड्रायव्हरकडे गेला.

"चष्म्याचं काम नाही," तो म्हणाला. "मागच्या दोन शनिवारचे आकडे खोटे होते. पाचशे ऐंशी होतं. आणि या शनिवारी... पाचशे बासष्ट."

तिला आधी कळलंच नाही. "काटा बिघडला होता?"

"काटा नाही. मी. तुम्ही रडलात ना त्या दिवशी, मला बघवलं नाही. वाटलं, पुढच्या वेळी वाढेल, मग कुणाला कळायचंही नाही. वाढलं नाही. शनिवारपासून झोप नाही मला." त्याने काचेवर एक कागद ठेवला. सहाही शनिवारचे खरे आकडे, तारखांसकट.

तिने कागद जवळ ओढला. "मला दिसत होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "ओली हनुवटी, टाकलेलं गवत... सगळं दिसत होतं. माझ्या डोळ्यांपेक्षा मी तुमच्या आकड्यावर विश्वास ठेवला!"

"हो," तो म्हणाला. सारवासारव केली नाही. "सोबत येऊ डॉक्टरकडे?"

"नको."

जनावरांच्या डॉक्टरबाईंनी दिवाणजींना टॉवेलात गुंडाळलं, बारीक दिवा तोंडात धरला आणि बराच वेळ पाहिलं. "पुढचे दात उत्तम. नारिंगी आहेत, ते तसेच हवेत. त्यांच्यामुळे माणूस फसतो. दुखणं मागे आहे. यांच्या दाढा जन्मभर वाढतात. या वाकड्या वाढून टोकं आलीत आणि जीभ कापली जातेय. म्हणून लाळ गळतेय. भूक आहे बिचाऱ्याला, चावता येत नाही. वजन कधीपासून उतरतंय?"

तिने कागद पुढे केला. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला.

"कुणी लिहिलंय हे? फार बरं केलं. लोक येतात ते खाणं पार थांबल्यावर. हे बघा, शेवटच्या आठवड्यात अठरा ग्रॅम. वाट बघण्यात अर्थ नाही, आजच भूल देऊन दाढा घासू. भुलीत धोका आहे, उगाच गोड बोलत नाही. पण अजून अंगात ताकद आहे. पुढच्या शनिवारी आणलं असतंत तर मी हात लावायला धजले नसते."

ती बाहेरच्या बाकावर बसली. आधी त्याच्यावर मनसोक्त रागावून घेतलं. केवढा मूर्ख माणूस! पुढच्या शनिवारी आणलं असतंत तर... ते वाक्य मात्र राहून राहून आठवत होतं. आज मंगळवार होता. शनिवारी त्याने आणखी एक खोटा आकडा सांगितला असता, तर जन्मात तिला कळलं नसतं. दिवाणजी म्हातारे झाले होते, गेले, असंच वाटलं असतं. तो गुपचूप सुटला असता. आणि तो दुकान बंद करून, भर उन्हात, शिव्या खायला आला होता.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी, जी तिने मावशीलाही सांगितली नव्हती. दुसऱ्या शनिवारनंतर तिने नवाकोरा वजनकाटा विकत आणला होता. तो अजून खोक्यातच, पलंगाखाली पडून होता. खोकं उघडलं असतं तर लोकरीच्या दुकानात जायला निमित्त काय उरलं असतं? एकदा, एकदाच घरी वजन केलं असतं, तरी सगळं दहा दिवस आधी कळलं असतं. ती रडू नये म्हणून तो खोटं बोलला. तो दिसावा म्हणून तिने काटा लपवला. आणि दोघांच्या मध्ये दिवाणजी उपाशी.

तासाभराने डॉक्टरबाई बाहेर आल्या. "जागे झालेत. मला चावायला बघतायत, म्हणजे चांगलंच आहे. आजची रात्र इथे राहू देत."

तिने तिथूनच मावशीला फोन लावला आणि सगळं सांगितलं, पलंगाखालच्या काट्यासकट. मावशीने आधी एकच विचारलं.

"जिवंत आहे ना?"

"आहे."

"मग रडणं पुरे. आणि तो आपणहून सांगायला आला?"

"हो."

"दुकान बंद करून?"

"हो गं."

"हं," मावशी म्हणाली. मावशीच्या एका 'हं'मध्ये आख्खी बैठक पार पडायची.

दुसऱ्या दिवशी दिवाणजींना घेऊन ती दवाखान्यातून थेट लोकरीच्या दुकानात गेली. तो काउंटरमागून उठून उभा राहिला. आधी त्याने खोक्यात वाकून पाहिलं. आतून दोन काळे डोळे त्याच्याकडे बघत होते. त्याने चष्मा काढला आणि बाहीने डोळे पुसले.

"आभार मानायला आले," ती म्हणाली.

"रागवायला नाही?"

"ते काल झालं. दवाखान्याच्या बाकावर." तिने श्वास घेतला. "तुम्ही शनिवारची वाट बघत बसला असता, तर हे नसते आज. सगळं सांगून मोकळे झालात... फार मोठे उपकार झाले. आणि आता माझं ऐका. माझ्या घरी काटा आहे. नवा. चार आठवडे झाले."

"म्हणजे?"

"म्हणजे मला इथे यायचं होतं," ती म्हणाली. "वजनासाठी नाही."

त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते कुठल्याही काट्यात मावलं नसतं.

"आता दाढा बऱ्या होईपर्यंत दर तीन तासांनी भरवायचंय," ती घाईघाईने म्हणाली, कारण नुसतं उभं राहणं कठीण झालं होतं. "गवताची भुकटी पाण्यात कालवायची, सुई नसलेल्या सिरिंजने, हळूहळू, ओठाच्या कडेने. दुपारी मला दुकान सोडता येत नाही. तुमच्याकडे तर गिऱ्हाईक नाहीच..."

"नाहीच."

तिने पर्समधून घराची जादाची किल्ली काढली आणि काट्याच्या ताटात ठेवली. त्याने आकड्याकडे पाहिलं, आणि मग अख्खा काटाच तिच्या बाजूला फिरवला.

"तुम्हीच वाचा," तो म्हणाला.

"अकरा ग्रॅम," तिने वाचलं, आणि दोघंही हसायला लागली.

भरवणं सोपं नव्हतं. दिवाणजी निम्मं थुंकायचे, तेही नेमकं त्याच्या चष्म्यावर. संध्याकाळी ती घरी आली की काचा पुसून द्यायची आणि तो रोजचा खरा आकडा सांगायचा. पाचशे अठ्ठावन्न. पाचशे छप्पन्न. आकडा कमी आला की त्याचा आवाज कापायचा, पण तो सांगायचा. तीही डोळे न मिटता ऐकायची. मग एक दिवस पाचशे एकोणसाठ.

सातव्या दुपारी ती एका आजोबांच्या चष्म्याला काच बसवत होती. फोन वाजला.

"काय झालं?" तिने हातातली काच खाली ठेवली.

"बोलू नका. ऐका फक्त."

त्याने फोन पिंजऱ्याशी धरला असावा. आधी नुसती खसखस. मग — कर्र... कर्र... कर्र... जाड, कोरड्या गवताची काडी, बुडापासून टोकापर्यंत, कुणीतरी शांतपणे चावत होतं. एक संपली. दुसरी सुरू झाली.

आजोबा समोर खोळंबले होते. तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ती हसत होती.

"ऐकू येतंय ना?" त्याचा आवाज आला. "ठेवू आता?"

"नको," ती म्हणाली. "ठेवू नकोस."