पाय धुण्याची पाळी

रविवारी दुपारी चार वाजता एल्वा ब्रुबेकर तळघरात एनॅमलची तसराळी मांडत होती. फिलाडेल्फियातलं मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचं ते चिमुकलं मिशन पन्नास वर्षांनी आज बंद होणार होतं. बायका उरल्या होत्या अवघ्या पाच, आणि पंथाच्या रिवाजाप्रमाणे एकमेकींचे पाय तर जोडीजोडीनेच धुवायचे.

"एक जण उरणार बघा," लोइस हसली. "एवढा मंडळीचा इतिहास लिहिलात, सिस्टर एल्वा, आज हिशेब कसा चुकला?"

"मी उरते. तुम्ही बसा गं."

इतिहासात एल्वाने सगळं लिहिलं होतं, एक गोष्ट सोडून. एकोणीसशे छत्तीस साली कॉर्डीलिया टायरी नावाची काळी बाई नवीनच बाप्तिस्मा घेऊन आली. मोजे काढून मोठ्या आशेने एल्वासमोर बसली, आणि एल्वा उठून दुसऱ्या खुर्चीवर गेली. कॉर्डीलिया पुन्हा आली नाही. त्याच हिवाळ्यात वारली. ती लाज एल्वाचं मन आजवर खात होती. माफी मागायची तरी कुणाची?

शेगडीजवळ चौघींनी भजन धरलं. बाहेर अंधारून आलं. ओल्या कोळशाचा वास दाटला. कोपऱ्यात बसलेल्या एल्वासमोरची रिकामी खुर्ची करकरली आणि तसराळ्यातलं पाणी हललं.

पाण्यात दोन पावलं होती. काळी, सडपातळ.

एल्वा गुडघे टेकून खाली बसली. या वेळी उठायचं नाही, एवढंच तिला कळत होतं. पावलं बर्फासारखी गार होती. तिने ती धुतली, पुसली.

"चुकलं माझं... कॉर्डीलिया..."

रिवाजाप्रमाणे चुंबनासाठी तिने मान वर केली. खुर्चीत कुणीच नव्हतं.

आता आपली पाळी. एल्वाने मोजे काढले, पाय पाण्यात सोडले आणि वाट पाहत राहिली. भजन संपलं.

"अगंबाई, एकट्याच काय बसलात?" लोइस टॉवेल घेऊन आली. "आणा पाय, मी धुते."

"नको... तिची पाळी आहे."

"कुणाची?" लोइसने विचारलं, आणि जमिनीकडे बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला. "सिस्टर एल्वा... हळूच उठा..."

एल्वाने मान वळवून खाली पाहिलं. समोरच्या खुर्चीपासून अनवाणी पावलांचे ओले ठसे निघाले होते. ते दाराकडे गेले नव्हते. वळसा घालून तिच्या खुर्चीमागे आले होते. तिथे दोन ठसे शेजारी शेजारी उमटले होते, बोटं एल्वाच्या पाठीकडे. परतीचा एकही ठसा नव्हता.