दुरुस्ती पुरेशी

सस्कॅटूनमधल्या त्या घराच्या तळघरातली भट्टी चोवीस वर्षांची झाली होती. घरभर गरम हवा फिरवण्याचे काम ती अजूनही करत असे. पण ऑक्टोबरात तिच्या ज्वालापेटीला तडा गेल्याचे आढळले आणि वैजयंती रेगे व त्यांचा मुलगा सौमित्र यांच्यात वाद सुरू झाला. सौमित्रच्या मते नवी भट्टी बसवायला हवी होती. दुरुस्त होणारी वस्तू टाकून देणे वैजयंतीबाईंना उद्धटपणाचे वाटे. तुझा गुडघा दहा वर्षे कुरकुरतो आहे, म्हणून तुला बदलून आणला का, असे त्यांनी पन्नाशीच्या मुलाला विचारलेही.

निवाडा अर्थात त्या दोघांच्या हाती नव्हता. तो श्वासलेखक करणार होता. भट्टीचा पंखा उन्हाळ्यातही प्रत्येक खोलीतली हवा परत ओढून घेतो; त्या परतीच्या नळीत हे तळहाताएवढे यंत्र बसवलेले होते. उच्छ्वासांतल्या वायूंवरून घरात किती माणसे राहतात, त्यांना किती ऊब लागते आणि ती किती काळ लागेल, हे ते ठरवी. गेल्या हिवाळ्यात त्याच्या संमतीपत्रावर सौमित्रनेच सही केली होती. न वाचता, सुशिक्षित माणसे करतात तशी.

त्याला जोडलेल्या पडद्यावर उत्तर उमटले : दुरुस्ती पुरेशी.

वैजयंतीबाई विजयी मुद्रेने हसल्या. हरलेल्या सौमित्रने कारणमीमांसा उघडली. दुरुस्तीनंतर भट्टी तीन वर्षे चालेल, असे तिथे लिहिले होते. घराची उरलेली गरज : चौदा महिने.

"आई, घर विकायला काढलंस का?"

"विकून जाऊ कुठे? तुझ्या त्या खुराड्यात?"

त्याने पुढची ओळ वाचली आणि पडदा झाकायला हात पुढे केला. वैजयंतीबाईंनी तो शांतपणे बाजूला सारला, चष्मा लावला आणि ओळ स्वतः वाचली. रहिवासी : एक. अंदाजित उर्वरित आयुष्य : चौदा महिने.

अंदाज हा मोठा सभ्य शब्द आहे. त्याच्या आडून माणसाला काहीही सांगता येते.

मग वैजयंतीबाई उठल्या आणि फ्रीजवर चिकटवलेले रुग्णालयाचे पत्र घेऊन आल्या. त्यांच्या हृदयाची झडप निकामी होत चालली होती. नवी झडप बसवण्याची तूर्त आवश्यकता नाही, औषधोपचार पुरेसा आहे, असे ऑगस्टअखेर आलेल्या त्या पत्रात होते. ते वाचून मायलेकांनी सुटकेचा निःश्वास टाकला होता. तोही बहुधा नोंदवला गेला असावा. पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, जी तेव्हा दोघांनीही वाचली नव्हती : गृह-उच्छ्वास अहवाल विचारात घेतला आहे.

सौमित्रने अहवाल पुन्हा चाळला. जुलैच्या मध्यापासून उच्छ्वासात ॲसिटोन वाढलेला. शरीर स्वतःची चरबी जाळत आहे. निष्कर्ष, झिजवणारा आजार. जुलैचा मध्य. त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आई चाळीस वर्षे चातुर्मासात एकभुक्त राहत होती, दिवसातून एकदाच जेवत होती. यंत्राने व्रताला व्याधी ठरवले होते.

अहवालावर आक्षेप घेण्याच्या अर्जात कारणांची यादी होती. तीत कर्करोग होता, मूत्रपिंडाचे विकार होते, दारूही होती. व्रत नव्हते. आक्षेप आठ दिवसांत नोंदवायचा आणि त्याच दिवसापासून महिनाभर नियमित आहाराचा श्वास द्यायचा, अशी अट होती. कार्तिकी एकादशीला अजून तीन आठवडे होते.

सौमित्रने भात लावला. आईचे एक जेवण दुपारी झालेले होते. दिवेलागणीला त्याने तिच्यासमोर दुसरे ताट वाढले.

"देव समजून घेईल गं. जेव."

"देवाची काळजी नाही मला." त्यांनी ताटाला हात लावला नव्हता. "उपास आहे तोवर, हे यंत्र चुकलं असं म्हणता येतं. मी महिनाभर पोटभर जेवले आणि आकडा तोच राहिला, तर?"

तळघरात तडा गेलेली भट्टी सुरू झाली आणि तिने दोघांचा श्वास हळूच आत ओढून घेतला.