रविवारची गिनती

चांदूर बाजारच्या आमच्या माजी सैनिक संघटनेचा हॉल बसस्टँडच्या मागच्या गल्लीत आहे. टिनाचं छप्पर, पुढे मुरमाचं पटांगण, डाव्या हाताला कंपाउंडची भिंत. आत एका भिंतीवर तालुक्यातून फौजेत गेलेल्यांची नावं रंगवलेली आहेत, अगदी माझ्या आज्याच्या पिढीपासूनची. काचेच्या कपाटात दोन हेल्मेट, काही मेडल्स आणि एक बंद पडलेला वायरलेस सेट आहे. तो सेट मी दोनदा खोलून पाहिला आहे. मी, किशोर, सिग्नल्समधून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि सहा वर्षांपासून या संघटनेचा सचिव आहे. बिघाड असला की त्याला कारण असतं, ते शोधलं की सापडतं, यावर मी चोवीस वर्षं नोकरी केली.

दर रविवारी सकाळी साडेसातला आम्ही जमतो. एखाद्या वीरपत्नीचा पेन्शनचा अर्ज अडला असेल तर तो बघायचा, नोव्हेंबर आला की सगळ्यांचे हयातीचे दाखले भरून घ्यायचे, कोणाच्या दवाखान्याच्या कार्डाचं काम करायचं, आणि मग पोहे-तर्री. पण त्याआधी फॉलिन. आमचे अध्यक्ष सुभेदार शालिकराम एकोणऐंशी वर्षांचे आहेत. रांग लागल्याशिवाय आणि गिनती झाल्याशिवाय ते कुणाला चहासुद्धा पिऊ देत नाहीत.

आम्ही नेहमीचे अकरा जण. उंचीप्रमाणे उभे राहतो. सगळ्यात उजवीकडे राईट मार्कर म्हणून शेषराव काळमेघ, सहा फूट उंच, साठी ओलांडली तरी ताठ. सगळ्यात डावीकडे डोमाजी, जे फौजेत लंगरवर, म्हणजे स्वयंपाकाला होते. मी आठवा. शालिकराम समोर उभे राहून हुकूम देतात, "गिनती कर!" आणि उजवीकडून आवाज निघत जातो, एक, दो, तीन. डोमाजींचं ग्यारह झालं की संपलं.

आषाढातल्या एका रविवारी डोमाजींच्या ग्यारहनंतर कोणीतरी बारह म्हणालं.

आवाज पुरुषाचा, दमलेला, पण स्पष्ट. मला वाटलं, कोणी उशिरा येऊन रांगेत लागलं असेल. डोमाजींनी मान वळवून पाहिलं. त्यांच्या डावीकडे तीन फुटांवर भिंत होती आणि पावसाने तिच्यावर शेवाळ धरलं होतं. शालिकरामांचा एक कान अधू आहे. त्यांनी पुन्हा गिनती घ्यायला लावली. दुसऱ्यांदा अकराच भरले. कोणीतरी चेष्टा केली म्हणून सगळे हसले आणि आम्ही पोह्यांकडे वळलो.

पुढच्या रविवारी दहाव्या माणसाने दस म्हटल्यावर तोच आवाज ग्यारह म्हणाला आणि डोमाजींच्या तोंडून आपोआप बारह निघालं. फौजेत गिनती अंगात मुरलेली असते. शेजारचा आकडा ऐकू आला की पुढचा तोंडातून निघतोच. डोमाजी बराच वेळ स्वतःच्या तोंडावर हात ठेवून उभे होते.

त्यानंतरच्या रविवारी तो आवाज दहाव्या जागी आला. मग नवव्या. पहिल्या गिनतीलाच येई. शालिकरामांनी परत हुकूम दिला की नसे.

गावात कोणाला सांगायचं नाही असं न बोलता ठरलं. शालिकरामांना मी गिनती बंद करू या म्हणून सुचवलं, तर ते म्हणाले, पन्नास वर्षांत बंद केली नाही, आता एका आवाजासाठी कशी करायची. आणि गंमत अशी की त्या दिवसांत कोणीच गैरहजर राहिना. घाबरला असं कोणालाच म्हणवून घ्यायचं नव्हतं. शनिवारी संध्याकाळपासून मला काही सुचत नसे. बायको ललिता विचारायची, जेवणात लक्ष का नाही. मी ॲसिडिटी झाली म्हणून सांगायचो.

ऑगस्टच्या पहिल्या रविवारी आवाज माझ्या शेजारी आला. माझ्या उजवीकडे सातवा माणूस आणि मी, मध्ये एक हाताचं अंतर. त्या अंतरातून कोणीतरी आठ म्हणालं. कानावर श्वास आला नाही, थंडी वाजली नाही. आवाज मात्र अगदी माझ्या कानाच्या उंचीच्या थोडा खालून आला, म्हणजे बोलणारा माझ्याहून बुटका होता. मी नौ म्हटलं.

पुढच्या रविवारी मी मोबाईलचं रेकॉर्डिंग चालू करून खिशात ठेवलं. घरी जाऊन इअरफोन लावून वीस वेळा ऐकलं. एक ते छह सगळे ओळखीचे आवाज. मग काहीच नाही. मग सातव्या माणसाने म्हटलेलं आठ, आणि माझं नौ. त्या दिवशी आम्ही अकराही जणांनी सात ऐकलं होतं. रेकॉर्डिंगवर सातच्या जागी एक आकडा म्हणायला लागतो तेवढी शांतता होती. मागे रस्त्यावर ऑटोचा आवाज चालू होता, तोही तेवढ्यापुरता बंद पडला होता.

मी ते कोणाला ऐकवलं नाही. पण सगळ्यांनाच कळलं होतं की तो आवाज रांगेतून उजवीकडे सरकतो आहे. आणि उजवीकडे टोकाला शेषराव होते.

शेषराव दोन महिन्यांत वाळले. आधी रविवारी सगळ्यांत मोठ्याने त्यांचा आवाज लागायचा, आता एक म्हणतानाही घसा खाकरावा लागे. शेत त्यांनी मुलाच्या स्वाधीन केलं आणि दिवसभर अंगणात येरझारा घालत राहतात, असं त्यांच्या घरून कळलं. सप्टेंबरच्या मध्यात आवाज दो वर आला.

एकवीस सप्टेंबरला गिनतीचा हुकूम सुटला आणि शेषरावांनी तोंड उघडण्याआधी त्यांच्या उजवीकडून, जिथे मोकळं पटांगण होतं, आवाज आला.

"एक."

शेषराव दो म्हणाले. रांग बारापर्यंत गेली. शालिकरामांनी या वेळी पुन्हा गिनती घेतली नाही. त्यांनी विसर्जनचा हुकूम दिला आणि खुर्चीवर बसून राहिले.

शेषराव मला हॉलच्या मागे घेऊन गेले. म्हणाले, "हा आवाज मी वळखतो. पहिल्या रविवारपासून वळखतो."

मग त्यांनी सांगितलं ते असं. सत्याऐंशी सालच्या ऑक्टोबरमध्ये ते शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत होते, नायक, हाताखाली नऊ जण. एका रात्री ताडाच्या कुंपणांमधून मागे यायचा हुकूम झाला. रात्रभर चिखलातून चालले. पहाटे उजाडायच्या आधी थांबले तेव्हा त्यांनी हळू आवाजात गिनती घेतली. नऊ आवाज आले. त्यांनी वर कळवलं, पूरे. फटफटल्यावर पाहिलं तर चेहरे आठच होते. अकोला जिल्ह्यातला सूर्यभान ढोरे नव्हता.

"पण नववा आवाज त्याचाच होता, किशोर. मी चेहरे मोजले नाई, आवाज मोजले. तवाच जाऊन साहेबाले सांगाले पाह्यजे होतं. मी म्हटलं, असन दुसऱ्या सेक्शनमंधी. दहा मिनिटं तसाच बसलो."

त्या दहा मिनिटांनंतर गोळीबार सुरू झाला. शेषरावांच्या मांडीत गोळी लागली, त्यांना मद्रासच्या हॉस्पिटलात हलवलं, आणि मग ते त्या तुकडीत परत गेलेच नाहीत. अडतीस वर्षांत त्यांनी सूर्यभानबद्दल एकदाही कोणाला विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं, आणि ते उत्तर त्यांना नको होतं. आता मात्र त्याच्या घरी जाऊन सांगायचं होतं की दोष माझा. कोणी असेल त्या घरी, बायको, भाऊ, त्याच्या पाया पडायचं होतं.

मी सोमवारी अकोल्याच्या माजी सैनिकांच्या कामात असलेल्या एका ओळखीच्या माणसाला फोन लावला. नाव सांगितलं आणि वीरपत्नींच्या यादीत बघायला सांगितलं. तो म्हणाला, यादी कशाला बघायची, सूर्यभान ढोरे दर नोव्हेंबरला स्वतः येऊन हयातीचा दाखला देऊन जातात. अकोटच्या अलीकडे त्यांचा फुलमळा आहे.

शेषरावांना मी हे समोर बसवून सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, गाडी कधी काढतोस.

शनिवारी आम्ही निघालो. परतवाडा, अंजनगाव, दोन्हीकडे काळ्या जमिनीत कपाशी उभी, रस्त्याला खड्डे. शेषरावांनी नवा सदरा घातला होता. अंजनगावला चहा प्यायला थांबलो, पण त्यांनी कप तसाच ठेवला.

दसरा पाच दिवसांवर होता. मळ्यात झेंडूची तोडणी चालली होती. एक बुटका, काळासावळा म्हातारा टोपलं घेऊन सऱ्यांतून आमच्याकडे आला. त्याने आम्हाला व्यापारी समजून भाव सांगायला सुरुवात केली.

शेषराव सावधान उभे राहिले. "नायक काळमेघ," ते म्हणाले.

म्हाताऱ्याने टोपलं खाली ठेवलं. बराच वेळ पाहिलं. मग त्याने शेषरावांना मिठी मारली, डोकं जेमतेम त्यांच्या छातीपर्यंत पोचत होतं, आणि दोघंही रडले.

तो आवाज मी त्याच्या पहिल्याच वाक्यात ओळखला होता.

घराच्या ओसरीवर आम्हाला बसवलं. सूर्यभानची बायको, कौशल्याबाई, पाणी घेऊन आली. शेषरावांनी त्या रात्रीचं सगळं कबूल केलं, काही लपवलं नाही. सूर्यभानच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तो म्हणाला, तुकडी थांबायच्या थोडं आधी तो कठडा नसलेल्या एका विहिरीच्या खड्ड्यात पडला होता. पाय मुरगळला. सरपटत बाहेर आला आणि ताडाच्या कुंपणामागे पडून राहिला. दुपारी दुसऱ्या कंपनीच्या लोकांनी त्याला उचललं.

"तुमी चाळीस पावलांवर होते," तो म्हणाला. "मले अंधारात सावल्या दिसत होत्या. मी आवाज देऊन राहिलो होतो, पन घशातून काईच निघे ना. मंग तुमी गिनती घेतली."

शेषरावांनी मान खाली घातली.

"आठवर थांबन असं मले वाटलं. थांबली नाई. नौ आलं. मी म्हटलं, माह्या नंबरवर कोन बोलला? आन् बोलला तो माह्याच आवाजात."

सूर्यभान हसला. तेव्हापासून हे कोणाला सांगितलं नाही म्हणाला. लोक म्हणतील, ताप होता.

रविवारच्या गिनतीबद्दल आम्ही दोघंही बोललो नाही. मी शेषरावांकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मोकळा झाला होता. त्यांनी दोन भाकरी खाल्ल्या, वर ठेचा मागून घेतला. माणूस जिवंत होता, एवढं त्यांना पुरलं. मला पुरत नव्हतं. सूर्यभान बोलत असताना मी त्याच्या गळ्याकडेच पाहत होतो.

जेवण झाल्यावर सूर्यभान शेषरावांना मळा दाखवायला घेऊन गेला. सोबत न्यायला फुलं तोडून देतो म्हणाला. मी ओसरीवर कौशल्याबाईंजवळ थांबलो. त्या खराब झालेली फुलं वेगळी करत होत्या. मी सहज म्हणून सांगितलं की शेषरावभाऊंच्या मनात सूर्यभानभाऊंना उद्या आमच्या हॉलवर न्यायचं आहे, सगळ्यांची भेट होईल.

"उद्या नका नेऊ, भाऊ," त्या म्हणाल्या. "रविवारी सकाळी त्याईचा आवाज जाते."

मी विचारलं, कधीपासून.

"आखाडापासून. साडेसातच्या सुमाराले जाते, घंट्याभरात वापस येते. अकोल्याले दाखोलं, डॉक्टरनं नळी टाकून पाह्यलं. घसा साफ हाये म्हनते."

त्या फुलं निवडत राहिल्या. मळ्यातून दोघांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"त्या टायमाले आंगनात ताठ उभे राह्यते," त्या म्हणाल्या. "एकडाव ओठ हालवते. आवाज नाई. मी समोर बसून पाह्यते ना, तं समजते. आकडा म्हनते."

"कोणता?"

"पयले बारा म्हने. मंग दर रविवारी एक एक उतरत गेला." त्यांनी पदरातला कचरा झटकला. "मांगच्या रविवारी एक म्हटला. आता त्याच्या खाली तं काई नसते ना, भाऊ?"