पालथ्या नावेखाली

"अनंत, उजेड दिसतो का रे?" पालथ्या नावेवर टकटक करत लतिकाने विचारलं.

"दिसतो ना! इथे एक फट, आणि इथे तर माझं बोट जातंय!" नावेच्या पोटातून आवाज आला.

गोपिकाने बाहेरून त्या जागी कोळशाने खूण केली. ही नाव तिच्या बाबांची, म्हणजे रुपरावमामांची. पावसाळाभर ती कन्हान नदीच्या काठावर, दगडांवर पालथी पडून होती, शेजारी वल्ही. आता पाणी उतरलं होतं आणि मासेमारी सुरू व्हायची होती. दिवाळीच्या सुट्टीत नागपूरहून आलेल्या लतिका-अनंतलाही मामांनी कामाला जुंपलं होतं. फटींत चिंध्या ठासायच्या आणि वरून गरम डांबर फासायचं! डावी बाजू काळीभोर झाली होती, उजवी अजून कोरडी होती. शेजारीच तीन दगडांच्या चुलीवर डांबराचा डबा रटरटत होता. मामा जाळ्यासाठी नायलॉनचा दोरा आणायला बाजारात गेले होते.

"पण यंदा मासे मिळतील का गं?" लतिका म्हणाली. "सकाळपासून मेलेली पिल्लंच वाहत येताहेत."

"तेच तर कळून नाही राहिलं वं! डोहाकडून येतेत. काहून मरून राहिले, बाबालेही समजत नाही."

तेवढ्यात नावेखालून अनंत ओरडला, "ताई! फटाके! इथे टोकाशी कोणीतरी लपवून ठेवलेत! मेणकागदात गुंडाळलेत, मेणबत्त्यांसारखे. लांब वातीपण आहेत!"

"आण की बाहेर!" लतिका आनंदाने म्हणाली.

गोपिकाने मात्र वाकून आत पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"अनंत, हात नको लावू," ती कुजबुजली. "हळूच बाहेर ये. हळू!"

"का? काय झालं?"

"फटाके नाही हो ते. सुरुंगाच्या कांड्या आहेत! खाणीत दगड फोडतेत ना, त्या!"

अनंत रांगत बाहेर आला. आणि नेमकं त्याच क्षणी डांबर उतू गेलं! भस्सकन ज्वाळा उठली. एक ठिणगी उडाली आणि नावेच्या काठाशी जाऊन पडली.

लतिकाने बादली उचलली.

"पाणी नको! डांबर अजून भडकन! वाळू टाक, ओली वाळू!"

तिघांनी ओंजळी भरभरून वाळू फेकली. धुराने डोळे चुरचुरत होते, हात पोळत होते. लतिकाला वाटत होतं, आता उडणार, आता उडणार! अखेर ज्वाळा दबली. नुसता काळा धूर उरला.

"अनंत, तू पळ," गोपिका म्हणाली. "बाबा बाजाराच्या वाटेवर भेटतील."

"आणि आपण?" लतिकाने विचारलं.

"बाया धुणं घेऊन येतील, लेकरं येतील. कोणी काडी ओढली तर? आपण दूर त्या बाभळीपाशी उभ्या राहू, अन् येईल त्याले थांबवू."

अनंत सुसाट पळाला. दोघी बाभळीखाली एकमेकींचा हात धरून उभ्या राहिल्या. लांब खाणीत सुरुंगाचा बार उडाला, तशा दोघी दचकल्या.

काठावरून दोन माणसं उतरली. पुढे दगडखाणीवर काम करणारा ताराचंद, मागे त्याचा मिशाळ सोबती. ताराचंदच्या ओठांत पेटलेली बिडी होती!

"काका, बिडी इझवा!" गोपिका किंचाळली. "तिथं डांबर सांडलं आहे!"

ताराचंद हसला. "मले शिकवतं का? बाप कुठी आहे तुहा?"

"बाजारात."

"मंग जा घरी! नदीवर काय खेळून राहिल्या?"

तरी त्याने बिडी वाळूत चिरडली. मिशाळ माणूस नावेखाली हात घालून पुडकं ओढू लागला.

"संध्याकाळी डोहात दोन कांड्या टाकल्या की बस," तो म्हणाला. "मोठे मासे टोपल्यात, बाकीचे वाहू दे!"

म्हणजे पिल्लं मरत होती ती यांच्यामुळेच! लतिकाने गोपिकाचा हात घट्ट दाबला.

इतक्यात वरून आरोळी आली, "ए! सोडा ते!" रुपरावमामा, पुढे अनंत आणि मागे गावातले कोळी काठावरून धावत येत होते. वर जायची वाट अडली होती.

"नाव सरळ कर!" ताराचंद ओरडला. "पल्याड जाऊ!"

गोपिका रडवेल्या आवाजात ओरडली, "काका, नाव नका नेऊ! आताच तयार केली. नवीन झाली अगदी! बाबा मले मारतील!"

लतिका चकित झाली. नवीन? उजवी बाजू तर अजून... आणि तिच्या लक्षात आलं!

"काका, वल्ही तरी ठेवून जा हो!" तीही गळा काढून ओरडली.

दोघांनी नाव उलटवली, पाण्यात ढकलली, आत पुडकं टाकलं आणि वल्ही मारू लागले. काठापासून थोडी दूर गेली असेल नसेल, तोच उजवीकडच्या सगळ्या फटींतून पाणी उसळलं.

"अरे, पाणी! उपस, उपस!"

"कशानं उपसू? मले पोहता येत नाही! वाचवा!"

नाव कलंडली. कोळ्यांनी दोर फेकून दोघांना ओढून काढलं. पोलीस आणि खाणीतला जाणकार माणूस येईपर्यंत मामांनी काठावर एकालाही फिरकू दिलं नाही. जाणकाराने पाण्यातून कांड्या काळजीपूर्वक काढून नेल्या. त्या खाणीतूनच चोरलेल्या होत्या.

"पोरींनो, अक्कल असावी तर अशी!" फौजदार म्हणाले. गावातले सगळे शाबासकी देत होते.

संध्याकाळी मामा मात्र अंगणात एकटेच बसले होते. समोरचा चहा गार झाला होता.

"बाबा, नाव बुडवली म्हणून रागावले का?" गोपिकाने हळूच विचारलं.

"नाव?" मामा म्हणाले. "मी येऊन राहिलो होतो, अन् वाटेतच खाणीतला दुपारचा बार उडाला. धडाम! मले वाटलं, नदीवरच झालं. सायकल कुठी पडली, मले मालूम नाही. पाय उचलेचनात. या बारक्यानं हात धरून मले ओढलं."

"आम्हीपण खूप घाबरलो होतो, मामा," लतिका म्हणाली.

"माहीत आहे वं. भेऊनही वाळूच टाकली, भेऊनही लोकांसाठी थांबल्या. मोठ्या माणसालेही जमत नाही ते." मामांनी तिघांना जवळ ओढलं. "पण आता सांगून ठेवतो, पुन्हा असं काही दिसलं, तर नाव गेली खड्ड्यात! तुम्ही पहिले पळायचं!"

ते हसायचा प्रयत्न करत होते. पण गोपिकाच्या डोक्यावर ठेवलेला त्यांचा हात बराच वेळ तिथून हलला नाही.