चुटकी

घरात तिला सगळे शंकेखोर म्हणत. दिवसभर प्रयोगशाळेत रक्त तपासणारी बाई, डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सख्ख्या भावाच्या तापावरही विश्वास ठेवायची नाही. संध्याकाळी मात्र ती हातपाय धुऊन अब्बांसमोर गालिच्यावर बसे आणि कुराण तोंडपाठ म्हणून दाखवी.

अब्बांनी ते आपल्या उस्तादांना ऐकवलं होतं, उस्तादांनी त्यांच्या उस्तादांना. तोंडातून कानात, कानातून तोंडात, शेकडो वर्षं असंच चालत आलेलं. चूक झाली की अब्बा चुटकी वाजवत आणि बरोबर शब्द सांगत. सगळं ऐकून झालं की ते तिला शिकवायची परवानगी देणार होते. तिला दुसरं काहीच नको होतं.

पण अब्बा विसरायला लागले होते. परवा त्यांनी तिलाच विचारलं, "तू कोणाची गं?" तिला शंका आली. हे खरंच ऐकताहेत, की नुसतेच बसलेत? मग त्या परवानगीला अर्थ काय?

शेवटच्या बैठकीला तिने मुद्दाम एक शब्द चुकवला. जीभ जड झाली, पण चुकवला.

अब्बांची चुटकी वाजली नाही.

बरोबर शब्द आला तो त्यांच्या पाठीमागून. आवाज म्हातारा, खरखरीत. तिथे गालिच्यावर नुसतं उतरतं ऊन होतं.

"कोण आहे?"

"थांबू नकोस, पोरी. तुझंच ऐकायला आलेत," अब्बा म्हणाले आणि वडीलधाऱ्यांना जागा द्यावी तसे जरा बाजूला सरकले.

तिला भीती वाटायला हवी होती. वाटलं ते माहेरी आल्यासारखं. पुढे ती खरोखरच अडखळली, तेव्हा दुसरा आवाज आला, आणखी लांबून.

संपल्यावर अब्बांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आता तू शिकव. मी मागे जाऊन बसतो."

आठवड्याभरात अब्बा गेले. ती खूप रडली.

पुढच्या हिवाळ्यात भावाची मुलगी तिच्यासमोर बसली. पोरगी धडाधड म्हणत होती. उन्हाकडे बघता बघता शंकेखोर आत्याची तंद्री लागली. पोरगी मध्येच थांबली, एक ओळ मागे गेली, शब्द सुधारून पुढे निघाली.

"शाब्बास! तुझं तुला कळलं?"

"कुठलं कळतंय! तुम्ही चुटकी वाजवलीत ना, आत्या."

आत्याचे दोन्ही हात शालीत होते.

तिने मागे वळून पाहिलं नाही. जरा बाजूला सरकली.